वर्गातच घडतो शिक्षक

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाने मला 'शिक्षण' या विषयावर अर्धा तास बोलायला सांगितले. शिक्षण हा विषय अर्ध्या तासात मावत नाही आणि अर्ध्या तासापेक्षा जास्त कोणी ऐकून घेत नाही, म्हणून मी त्यातला एक लहानसा कोपरा निवडला आहे. शिक्षक घडतो कुठे, कॉलेजात की वर्गात? हा प्रश्न का निवडला, तेही आधीच सांगून टाकते. आपला रविवारचा मराठी वर्ग जूनपासून बंद आहे. शिकवणाऱ्या बाई यजमानांच्या बदलीमुळे पुण्याला गेल्या. त्यांच्या जागी कोणी यावे म्हणून मी आणि सेक्रेटरीसाहेबांनी बऱ्याच घरांच्या बेल वाजवल्या. सगळीकडे कॉफी उत्तम मिळाली आणि उत्तर एकच मिळाले, "मराठी येते हो मला, पण माझे कुठे बी.एड. झाले आहे?"

हे उत्तर नम्रपणाचे आहे, आणि मला नम्र माणसे आवडतात. पण ज्या गावात बसून आपण हे उत्तर देतो आहोत, त्या गावाचा या प्रश्नाशी दोनशे तीस वर्षांचा संबंध आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मांबलम स्टेशनवरून बीचकडे जाणारी लोकल पकडा. कोडंबाक्कम, नुंगंबाक्कम, चेटपेट आणि मग एग्मोर. या एग्मोरला १७८९ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी एक आश्रमशाळा निघाली. बहुतेक मुलांच्या आया इथल्याच होत्या. शाळेचे प्रमुख होते अँड्र्यू बेल नावाचे स्कॉटिश पाद्री. त्यांची अडचण आजच्या कुठल्याही मुख्याध्यापकाला ओळखीची वाटेल. चांगले शिक्षक मिळत नव्हते, आणि जे मिळत ते जरा तयार झाले की जास्त पगाराच्या जागी निघून जात.

एके दिवशी सकाळी घोड्यावरून फेरफटका मारताना बेलसाहेबांना एक देशी शाळा दिसली. मुले जमिनीवर बसून वाळूत बोटाने अक्षरे काढत होती. तिण्णै पळ्ळिक्कूडम म्हणजे ओट्यावरची शाळा. आपल्याकडे पंतोजींच्या शाळेत धूळपाटी असे, तोच प्रकार. कागद नको, शाई नको, चुकले तर हाताने सपाट करायचे आणि पुन्हा लिहायचे. साहेबांना हे फार पसंत पडले. त्यांनी आपल्या शाळेतल्या खालच्या वर्गाच्या मास्तरांना अशीच वाळू वापरायला सांगितली. मास्तरांनी जमणार नाही म्हणून सांगितले. नवी गोष्ट आली की 'जमणार नाही' म्हणायचे, ही आमच्या व्यवसायातली फार जुनी परंपरा आहे. तेव्हा बेलनी ते काम आठ वर्षांच्या एका मुलाकडे दिले. जॉन फ्रिस्केन त्याचे नाव, साध्या शिपायाचा मुलगा. त्याला जमले. मग तो वर्गच त्याच्याकडे आला आणि हळूहळू मोठ्या मुलांनी धाकट्यांना शिकवायचे, अशी सगळ्या शाळेची घडी बसली.

बेल १७९६ साली परत गेले आणि पुढच्याच वर्षी लंडनमध्ये त्यांनी या प्रयोगाचे पुस्तक छापले. तिकडे जोसेफ लँकेस्टर यांनीही अशाच धर्तीवर शाळा चालवल्या, आणि ही कल्पना आधी कोणाची यावरून दोघांच्या अनुयायांत वर्षानुवर्षे भांडण चालले. इंग्लंडमध्ये बेलच्या रीतीला नावच 'मद्रास पद्धती' असे पडले. आता गंमत पाहा. भांडण दोन साहेबांत, आणि मूळ कल्पना ज्यांची ते ओट्यावरचे अय्या आणि पंतोजी यांचा त्यात पत्ता नाही! आपल्या तमिळ शेजाऱ्यांना 'सट्टाम्पिळ्ळै' हा शब्द विचारा. जुन्या शाळेत गुरुजींच्या गैरहजेरीत वर्ग सांभाळणारा थोरला विद्यार्थी. आपल्याकडेही पंतोजी डुलक्या घेत असताना थोरली मुले धाकट्यांकडून पाढे आणि पावकी-निमकी घोकून घेत. पंतोजींच्या डुलक्यांची आपण पुष्कळ थट्टा केली, पण त्या वेळात कितीतरी मुले शिकवायला शिकत होती, हे कोणी लिहून ठेवले नाही.

अशा शाळा थोड्या नव्हत्या. मद्रास इलाख्याचे गव्हर्नर सर टॉमस मन्रो यांनी १८२२ साली जिल्ह्याजिल्ह्यातून माहिती मागवली. १८२६ च्या त्यांच्या टिपणात १२,४९८ शाळांची नोंद आहे, आणि लोकसंख्या सव्वा कोटीच्या थोडी वर. धर्मपाल यांनी १९८३ साली ही सगळी कागदपत्रे पुस्तकरूपाने पुढे आणली तेव्हा त्यावर बरीच चर्चा झाली. या शाळांत मुली फारच थोड्या होत्या आणि खालच्या जातींची सगळीकडे सारखी दखल घेतली जात नव्हती, हेही त्याच कागदांत दिसते. त्यामुळे 'आमच्याकडे सगळे होतेच' असे म्हणून छाती फुगवण्याचा माझा विचार नाही. पण शिकवणे ही गोष्ट वर्गात बसून, कुणाचे तरी पाहून शिकायची असते, ही समज मात्र इथे होती.

आपल्या तंजावरच्या राजांचाही उल्लेख करायला हवा, कारण या सभागृहातली निदान निम्मी घरे त्या बाजूची आहेत. दुसरे सरफोजीराजे तरुणपणी काही वर्षे मद्रासला राहून शिकले. १७९८ साली गादीवर बसल्यावर त्यांनी मुक्तांबाळ छत्रात शाळा चालवल्या आणि तंजावरला छापखाना घातला. त्या छापखान्यात 'बालबोध मुक्तावली' हे इसापच्या गोष्टींचे मराठी पुस्तक निघाले. मराठी मुलांसाठी छापलेल्या अगदी पहिल्या पुस्तकांपैकी एक पुस्तक पुण्या-मुंबईत न निघता तमिळ मुलखात निघाले, हे आपण आपल्या मुलांना सांगतो का?

आता ती 'मद्रास पद्धती' लंडनमार्गे पुन्हा हिंदुस्थानात आली, आणि उतरली मुंबईला. १८२० नंतरच्या काळात मुंबईच्या नेटिव एज्युकेशन सोसायटीने आपल्या मराठी आणि गुजराती शाळांसाठी लँकेस्टरची रीत घेतली. कॅप्टन जार्विस यांच्या देखरेखीखाली मास्तर तयार करून १८२६ च्या सुमारास जिल्ह्यांत पाठवले गेले. म्हणजे धूळपाटी इथून विलायतेला गेली आणि तिथून साहेबी टोपी घालून आपल्याच माणसांकडे परत आली. पुढे १८४५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये मास्तर तयार करण्याचा नॉर्मल क्लास निघाला. तो ज्यांच्याकडे सोपवला ते होते 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर. दुर्दैवाने १८४६ च्या मे महिन्यातच ते गेले.

आणि सावित्रीबाई फुले. त्यांचे नाव आपण घेतो, हार घालतो, पण त्या शिक्षिका कशा झाल्या हे फारसे कोणी विचारत नाही. आधी घरी जोतीरावांनी शिकवले. मग अहमदनगरला मिस फॅरार यांच्याकडे आणि पुण्याला मिसेस मिचेल यांच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्यांचे प्रशिक्षण झाल्याचे चरित्रकार नोंदवतात. १८४८ साली भिडेवाड्यातली शाळा सुरू झाली तेव्हा त्यांचे वय सतरा. त्यांच्या प्रशिक्षणातला मोठा भाग चालत्या शाळेत, मुलींच्या समोर उभे राहून झाला. वाटेत अंगावर शेण पडले तर बदलायला दुसरे लुगडे जवळ ठेवायचे, हे कुठल्याच नॉर्मल स्कूलच्या अभ्यासक्रमात नव्हते.

१८५४ चा वूडचा खलिता आला. विलायतेत १८४६ पासून 'प्यूपिल टीचर' म्हणजे उमेदवार शिक्षकाची पद्धत होती. तेरा वर्षांच्या हुशार मुलाने पाच वर्षे शाळेतच उमेदवारी करायची, दिवसा शिकवायचे, हेडमास्तरांनी त्याला वेगळा वेळ देऊन शिकवायचे, आणि दोघांनाही त्याचे पैसे मिळायचे. खलित्याने तीच रीत नॉर्मल स्कूलच्या जोडीने इथे सुचवली. मद्रासेत १८५६ साली वेपेरीला सरकारी नॉर्मल स्कूल निघाले आणि नंतर ते सैदापेठेला गेले. तेच आजचे टीचर्स कॉलेज. मघाशी आपण बीचच्या लोकलने एग्मोरला गेलो. आता तांबरमच्या लोकलने पुढच्याच स्टेशनवर उतरा, सैदापेठ. म्हणजे आपण ज्या मांबलमला राहतो त्याच्या एका अंगाला चार स्टेशनांवर बेलची वाळू आणि दुसऱ्या अंगाला एका स्टेशनावर मोठे कॉलेज. त्या कॉलेजला जोडून एक मॉडेल स्कूल आहे, हे मला कॉलेजपेक्षाही महत्त्वाचे वाटते. डॉक्टर घडवायचा तर कॉलेजाला इस्पितळ लागते, तशी शिक्षक घडवायला शेजारी शाळा लागते, इतके तरी त्या जुन्या लोकांनी ओळखले होते.

स्त्रियांच्या बाबतीत मद्रासची एक गोष्ट मला आपल्या कर्व्यांच्या हिंगण्याइतकीच मोठी वाटते. आर. एस. सुब्बलक्ष्मी, ज्यांना सगळे सिस्टर सुब्बलक्ष्मी म्हणत, बालविधवा होत्या. १९११ साली त्या पदवीधर झाल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांनी आपल्यासारख्याच लहान विधवा मुलींसाठी घर काढले. ते पुढे मरीनासमोरच्या आइस हाउसमध्ये गेले. या मुलींना नुसते जेवू घालायचे नाही, शिक्षिका करायचे, हा त्यांचा हट्ट होता. १९२२ साली लेडी विलिंग्डन ट्रेनिंग कॉलेज निघाले, त्याच्या पहिल्या प्राचार्या त्याच. ज्यांना लग्नाकार्यात पुढे येऊ देत नसत त्या मुली शाळेत वर्गापुढे उभ्या राहिल्या. अण्णासाहेब कर्व्यांनी पुण्याला १८९६ साली जे आरंभले, त्याची ही दक्षिणेतली बहीण म्हणा. शिक्षिका होणे ही तेव्हा केवळ नोकरी नव्हती, पुन्हा माणसांत येण्याची ती वाट होती.

थोडे अड्यारकडे वळू. १९३९ च्या नोव्हेंबरात मारिया माँटेसोरी थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून मद्रासला आल्या. वय एकोणसत्तर. सोबत चिरंजीव मारिओ. सुमारे तीनशे शिक्षकांचा वर्ग सुरू झाला. १९४० साली इटली युद्धात उतरली आणि मायलेक शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. मारिओंना पाठवले कुठे, तर आपल्या अहमदनगरला, स्थानबद्ध म्हणून. आईच्या सत्तराव्या वाढदिवशी त्यांची सुटका झाली. महायुद्ध संपेपर्यंत या बाई हिंदुस्थानातच राहिल्या आणि हजारावर शिक्षक तयार करून गेल्या. त्यांच्या रीतीतली एक गोष्ट मी अगदी मनापासून घेतली आहे. शिकणाऱ्या शिक्षकाने आधी वर्गात खुर्चीवर गप्प बसून मुलाकडे पाहायचे. बोलायचे नाही, मदत करायची नाही, नुसते पाहायचे आणि लिहून ठेवायचे. करून बघा. आपल्यापैकी बऱ्याच आयांना पाच मिनिटेसुद्धा जमणार नाही.

ही माँटेसोरी रीत श्रीमंतांच्या घरून काढून ओसरीवर आणली ती गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी. भावनगरला १९२५ साली बाल अध्यापन मंदिर निघाले, तेही चालत्या बालमंदिराला लागून. पुढे ताराबाई मुंबईला आल्या, १९४५ साली बोर्डीला गेल्या, तिथे अनुताई वाघ येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, गुरे राखतात. मग शाळाच अंगणात नेली ती अंगणवाडी, कुरणात नेली ती कुरणशाळा. देशभर आज जो 'अंगणवाडी' शब्द वापरतात तो इथला. इटालियन बाईंची महागडी लाकडी साधने तिथे कुठून आणणार? बिया, शंख, पाने, काड्या यांवर काम भागवले. तिथल्या बालवाडीतच बालशिक्षिकांना तयार केले. साधन कुठले वापरायचे हे ज्या अंगणात शिकवायचे त्या अंगणानेच सांगितले. पुस्तकात ते आधी लिहिलेले नव्हते.

अलीकडचे सांगायचे तर आपल्याच चेन्नई महापालिकेने २००३ साली तेरा शाळांत कृतियुक्त शिक्षणाचा प्रयोग सुरू केला. ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांत शिक्षकांना नेऊन ते प्रत्यक्ष दाखवले आणि मग ते पुढे राज्यभर पसरले. साताऱ्याकडे कुमठे बीटच्या जिल्हा परिषद शाळांतली मुले वाचायला-लिहायला कशी पटापट शिकतात हे पाहायला महाराष्ट्रभरातून शिक्षक एसटी पकडून जात, तेही याच जातीचे. एका शिक्षकाने दुसऱ्या शिक्षकाचा चालता वर्ग पाहणे, याला पर्याय मला अजून सापडलेला नाही.

आता मी बेलसाहेबांच्या विरुद्ध बोलणार आहे, कारण आतापर्यंत मी त्यांची जरा जास्तच स्तुती केली. मद्रास पद्धती इंग्लंडमध्ये लोकप्रिय झाली त्याचे खरे कारण ती स्वस्त होती. एका मास्तरच्या पगारात शेकडो मुले. बाकीचे काम बिनपगारी मुलांकडून. गरिबांच्या मुलांना फार लिहिणे आणि हिशेब शिकवू नयेत, नाहीतर ती आपली पायरी सोडतील, असेही बेलसाहेबांचे मत होते. 'वर्गात शिका' या चांगल्या वाक्याच्या आड 'पगार कमी घ्या' हे दुसरे वाक्य लपलेले असू शकते. आणि हे दोनशे वर्षांपूर्वीच संपले असे समजू नका. एका शाळेत मी 'ट्रेनी टीचर' म्हणून लागलेल्या मुली पाहिल्या आहेत. निम्मा पगार, पहिल्याच दिवशी बेचाळीस मुलांचा वर्ग, आणि त्यांच्या वर्गात वर्षभरात कोणी अनुभवी शिक्षिका येऊन बसलेली नाही. याला प्रशिक्षण म्हणायचे नाही. पोहायला शिकवतो म्हणून मुलाला विहिरीत ढकलायचे आणि काठावरून निघून जायचे, त्यातला हा प्रकार.

उलट टोकही मी पाहिले आहे. बी.एड. पूर्वी वर्षाचे होते, २०१५ पासून ते दोन वर्षांचे झाले आणि त्यात वीस आठवड्यांची शाळेतली आंतरवासिता आली. कागदावर हे फार चांगले आहे. पण पुष्कळ ठिकाणी छात्राध्यापिका येतात, तक्ते टांगतात, पाठ टाचण दाखवतात, वर्गातल्या चार हुशार मुलांना उत्तरे आधीच सांगून ठेवतात, निरीक्षक येऊन गेले की तक्ते गुंडाळून निघतात. तक्ता दरवर्षी तोच असतो. मोठ्या बहिणीचा तक्ता धाकटीने वापरलेला मी ओळखला आहे, कारण त्यावरच्या बेडकाला पाचवा पाय होता.

या दोन टोकांच्या मधली जागा मला मिळाली, म्हणून मी आज इथे बोलते आहे. मी वर्गात पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा माझ्याकडे बी.एस्सी. होते आणि बाकी काही नव्हते. बी.एड. नंतर नोकरी सांभाळून केले. ज्या शाळेत लागले तिथल्या हेडमिस्ट्रेस तमिळ होत्या, साठीच्या घरातल्या, आवाज इतका हळू की मुले ऐकण्यासाठी आपोआप गप्प होत. त्यांनी मला पहिले दोन आठवडे मागच्या बाकावर बसवले आणि सांगितले, "शिकवणाऱ्या मिसकडे बघू नको. तीन मुले निवड आणि पूर्ण तास त्यांच्याकडेच बघ." मी एक हुशार, एक दंगेखोर आणि एक अगदी गप्प मुलगी निवडली. चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आले की गप्प मुलीला फळा दिसतच नव्हता. शेजारणीच्या वहीतून ती उतरवून घेत होती. तिला चष्मा लागला आणि पंधरा दिवसांत ती बोलू लागली. तिसऱ्या आठवड्यात मला फक्त हजेरी घ्यायला दिली. पन्नास नावे, प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहून, बरोबर उच्चारांत. मग दहा मिनिटांची गोष्ट. मग एक धडा. त्या स्वतः मागे बसत आणि तास संपल्यावर एकच प्रश्न विचारत, "कोणाला कळले नाही?" मी 'सगळ्यांना कळले' म्हटले की त्या नुसत्या हसत, आणि आम्ही दोघी मिळून वह्या पाहत असू. पूर्ण वर्ग माझ्या हाती यायला सहा महिने लागले. पगार मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण होता, हे त्यांच्याबद्दल सांगायलाच हवे.

आता आपल्या रविवारच्या वर्गाकडे येते. तिथे काय शिकवायचे हे कुठल्या कॉलेजात शिकवत असतील असे मला वाटत नाही. आपली मुले तमिळ बोलतात, इंग्रजी शाळेत जातात आणि घरी मराठी ऐकतात. यांच्या अडचणी पुण्याच्या मुलांच्या नाहीत. पुण्या-मुंबईकडच्या इंग्रजी शाळेतल्या मुलांना 'ळ' जड जातो, 'बाल' आणि 'बाळ' एकच होऊन जातात. आपल्या मुलांचा 'ळ' खणखणीत, कारण तमिळने तो त्यांना फुकट दिला आहे. अडते ते ख, घ, भ, ध यांच्यापाशी. तमिळ लिपीत त्यांना वेगळी अक्षरे नाहीत, म्हणून 'भाऊ'चा 'बाऊ' होतो आणि 'धन' 'दन' होते. तोंडासमोर कागदाचा पातळ तुकडा धरून 'ब' आणि 'भ' म्हणायला लावा, 'भ'ला कागद हलतो. मुलांना हा खेळ इतका आवडतो की आवरावे लागते. हे मला शाळेत नव्हे, पूर्वी एकदा या वर्गात चार रविवार उभे राहिल्यावर सुचले.

दुसरी गोष्ट तंजावरकडच्या घरांची. त्यांची मराठी साडेतीनशे वर्षे या मातीत वाढली आहे. तिच्यात जुने शब्द आहेत, तमिळ शब्द आहेत, हेल वेगळा आहे. बदली होऊन आलेल्या आमच्यासारख्यांना ती ऐकून हसू येते आणि तिथेच मूल तोंड मिटते. आधीच्या बाईंनी वर्गात एक नियम केला होता. घरातल्या शब्दाला 'चूक' म्हणायचे नाही. 'तुमच्या घरी असे म्हणतात, पुस्तकात असे लिहितात' म्हणायचे आणि दोन्ही फळ्यावर लिहायचे. हा नियम मी पुढच्या सर्व शिक्षकांसाठी कायम ठेवायला सांगणार आहे. ज्या आजींना आपली मराठी अशुद्ध वाटते, त्यांनीच वर्गात येऊन गोष्ट सांगावी, अशी माझी विनंती आहे. पुस्तकी मराठी कानावर पडायला मोबाइल आहे. त्यांची मराठी त्यांच्यानंतर कुठे ऐकायला मिळणार?

आणि बी.एड. नसण्याबद्दल म्हणाल, तर २०२१ साली, कोरोनानंतर, तमिळनाडू सरकारने 'इल्लम तेडि कल्वि' म्हणजे घराच्या दाराशी शिक्षण ही योजना काढली. मुले दीड-दोन वर्षे शाळेविना राहिली होती. गल्लीगल्लीतल्या स्वयंसेवकांनी, त्यात बहुतेक बायकाच, संध्याकाळी तास-दीड तास वीसेक मुलांना घेऊन बसायचे. दरमहा हजार रुपये मानधन. आपल्या कामवाल्या बाईंची मुलगीही त्यात होती. बारावी झालेली. मी तिचा वर्ग पाहायला गेले होते. जिन्याखालच्या जागेत अठरा मुले, आणि प्रत्येकाला वाचायला काय येते आणि काय येत नाही हे तिला तोंडपाठ. त्या जिन्याखाली मला बेलचा तो आठ वर्षांचा फ्रिस्केन आठवला.

नियमाच्या शाळेत नियमाची पदवी हवीच, पात्रता परीक्षाही हवी. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण तिथे मुलाचे सबंध वर्ष शिक्षकाच्या हातात असते. आपला वर्ग आठवड्याला दीड तासाचा आहे. त्यासाठी मराठी यायला हवी, मुलांचा कंटाळा नको, आणि दुसऱ्या कोणी मागे बसून पाहिले तर राग यायला नको. तिसरी अट सर्वांत कठीण आहे, हे मी अनुभवाने सांगते.

म्हणून कार्यकारिणीशी बोलून मी असे ठरवले आहे. दसरा झाल्यानंतरच्या पहिल्या रविवारपासून सकाळी दहा ते साडेअकरा वर्ग पुन्हा सुरू होईल. पहिले तीन महिने मी स्वतः शिकवीन. ज्यांना शिकवायला शिकायचे आहे त्यांनी मागच्या बाकावर यायचे, कॉलेजातल्या मुली, मुलगे, आया, निवृत्त काका, कोणीही. पहिले चार रविवार कोणालाही एक शब्द शिकवायला मिळणार नाही, फक्त पाहायचे आणि तीन मुलांबद्दल वहीत लिहायचे. पाचव्या रविवारपासून प्रत्येकाला दहा मिनिटे. मी मागे बसेन आणि वर्गानंतर आपण अर्धा तास बोलू. कॉफीची जबाबदारी खजिनदारांच्या सौभाग्यवतींनी घेतली आहे, त्यामुळे त्या अर्ध्या तासाला उपस्थिती चांगली राहील अशी मला खात्री आहे. आठवी-नववीतली आपली मुलेही धाकट्यांची अक्षरे गिरवून घ्यायला मदत करतील. त्यांना मात्र त्यासाठी आठवड्याला एक मराठी पुस्तक घरी न्यायला मिळेल, बिनपगारी काम करून घ्यायचे नाही असे मी आत्ताच म्हटले आहे.

एक वही प्रसादाच्या टेबलाशेजारी ठेवली आहे. नाव, फोन नंबर आणि कुठला रविवार जमणार नाही, एवढेच लिहायचे आहे. पदवीचा रकाना मुद्दाम ठेवलेला नाही. पेनला दोरी बांधली आहे, ते कृपया घरी नेऊ नये.